पनीर की चीज हे ठरवण्याआधी उरलेल्याचं काय ते ठरवा

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते सगळ्यांना कळेल. भाऊ-बहीण, दोघंही तिशीच्या आतले. घरी अठरा दुभत्या गाई, रोजचं दूध साधारण २०० लिटर, सगळं संकलन केंद्रावर जातं. भाऊ गोठा बघतो. बहिणीने, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी, दुधाचे पदार्थ करण्याचं छोटं प्रशिक्षण घेतलंय. आता दोघांना स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय. पनीर घ्यावं की चीज, यंत्रं कोणती घ्यावीत आणि कर्ज किती काढावं, असं त्यांनी विचारलंय. शेवटी एक ओळ आहे : "वडील म्हणतात, दूध जातंय ते जाऊ दे."

मी बावीस वर्षं हेच काम करते आहे. आमच्याकडेही आधी नुसता गोठा होता, मग त्याच्या शेजारी एक खोली बांधली आणि तिथे दही लावायला सुरुवात केली. मधल्या काळात बरीच तरुण मुलंमुली सुरुवात करताना जवळून पाहिली. काहींचं छान चाललंय. काहींच्या खोलीला कुलूप आहे आणि हप्ते मात्र सुरू आहेत. बंद पडलेल्या खोल्या आठवून पाहिल्या तर पदार्थ करता येत नव्हता म्हणून बंद पडली अशी एकही नाही. पनीर चांगलं व्हायचं. पण निवळीचं, म्हणजे दूध फाडल्यावर उरणाऱ्या पाण्याचं, काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, भाव काढताना आपल्याच दुधाची किंमत धरलेली नव्हती, आणि भांडी घासण्यात जाणारे तास कुणी मोजले नव्हते.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेते. आज तुमचं सगळं दूध एका ठिकाणी, एका दराने जातं. त्यातलं किती दूध, कोणत्या रूपात आणि किती धोका पत्करून तिथून बाहेर काढायचं, हा खरा निर्णय आहे. पनीर की चीज हे त्यातूनच ठरतं, आणि यंत्रं त्याच्याही नंतर.

काही गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत. रोज ताजा पदार्थ घेणारी घरं तुमच्यापासून किती लांब आहेत, वीज किती वेळ जाते, पाणी किती कठीण आहे, केंद्राशी तुमचा करार सगळं दूध त्यांनाच द्यायचा आहे का, आणि तुमच्या भागात अन्नपदार्थांच्या परवान्याचे नियम काय आहेत. हे प्रत्येकाचं वेगळं. फक्त एवढं करा, खोलीचा पाया खणण्याआधी कागदावर नकाशा काढून परवाना देणाऱ्या कार्यालयात दाखवून या. बांधून झाल्यावर मोरीचा उतार आणि दाराची जागा बदलायला लागणं फार महागात पडतं.

आता मुख्य मुद्द्याकडे. दुधात जवळपास ८७ टक्के पाणी असतं. उरलेल्या १३ टक्क्यांत गाईच्या दुधाचा हिशेब धरला तर साधारण ४ टक्के फॅट, सव्वातीन टक्के प्रथिनं, पावणेपाच टक्के लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, आणि थोडे क्षार. कोणताही पदार्थ केला की या तेरांतलं काहीतरी आपण उचलतो आणि बाकीचं भांड्यात उरतं. तुपासाठी फक्त फॅट उचललं जातं. पनीर आणि चीजमध्ये फॅट आणि बहुतेक प्रथिनं जातात, साखर निवळीबरोबर निघून जाते. दह्यात सगळंच्या सगळं राहतं.

हे आकड्यांत पाहा. १०० लिटर गाईच्या दुधातून तूप निघतं साडेतीन ते चार किलो, आणि साय काढलेलं दूध उरतं ९० लिटरच्या आसपास. त्याच १०० लिटरमधून पनीर निघतं १३ ते १६ किलो, निवळी ८० लिटरच्या वर. कडक प्रकारचं चीज केलं तर १० किलो, निवळी ९० लिटर. दही लावलं तर दूध जेवढं तेवढंच दही, मागे काहीच नाही. म्हशीच्या दुधात फॅट आणि प्रथिनं दोन्ही जास्त, त्यामुळे पनीर १८ ते २० किलोपर्यंत जातं. कुणी तुम्हाला शंभराला वीस असा उतारा सांगितला असेल तर दूध कोणाचं होतं ते आधी विचारा.

निवळीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मला ती नीट भोवली आहे. आम्ही दोन वर्षं दही करून मग पनीर सुरू केलं. पहिल्या महिन्यात निवळी खोलीमागच्या शोषखड्ड्यात सोडत होतो. तिसऱ्या आठवड्यात खड्डा पाणी घेईना, वास सुटला, माश्या झाल्या आणि शेजारी तक्रार घेऊन आले. त्यांचं बरोबरच होतं. निवळी दिसते पाण्यासारखी, पण त्या पाण्यात दुधातली जवळजवळ सगळी साखर असते आणि तिचा सेंद्रिय भार घरातल्या सांडपाण्याच्या शंभरपटीच्या घरात जातो. ओढ्यात सोडली तर तिथला प्राणवायू खाऊन टाकते, मासे मरतात. मग मी एका दुपारी ६० लिटर निवळी गाईंपुढे ठेवली. त्यांनी आवडीने प्यायली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं शेण पातळ. एवढी साखर एकदम पोटात गेली की ती झपाट्याने आंबते आणि आम्ल वाढतं. आता आम्ही थोड्यापासून सुरू करून, हळूहळू वाढवत, खाद्यात कालवून देतो, आणि जेवढी जनावरं पचवतील तेवढंच पनीर करतो. हा उलटा हिशेब वाटेल, पण माझ्या खोलीत पनीरचा आकडा मागणीवर ठरत नाही, निवळीवर ठरतो.

"निवळीचं रिकोटा करू", म्हणजे निवळी तापवून त्यातून मऊ चीज काढू, असं प्रशिक्षणात सांगतात. ते चीजच्या गोड निवळीला लागू पडतं. पनीरसाठी दूध आपण ९० अंशांपर्यंत तापवतो तेव्हाच निवळीतली प्रथिनं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात आणि पनीरमध्ये येऊन बसतात. म्हणून तर पनीरचा उतारा चांगला येतो. त्यानंतरच्या निवळीत परत काढण्यासारखं प्रथिन फारसं राहत नाही. तेव्हा पनीर आणि रिकोटा या दोघांचा नफा एकाच दुधावर मांडलेला कागद तुमच्यासमोर आला तर तो बाजूला ठेवा.

आता भावाचं. मी कुणालाही भाव पैशांत काढायला सांगत नाही, लिटरमध्ये काढायला सांगते. पैसा बदलतो, दर वर्षी आणि दर गावी वेगळा असतो. लिटर तुमच्या डोळ्यांसमोर असतं. पहिला नियम असा की तुमच्या खोलीने गोठ्याकडून दूध विकत घ्यायचं, आणि केंद्र जो दर देतं त्याच दराने घ्यायचं. भाऊ गोठा बघतोय, तुम्ही खोली बघणार, तर दोघांच्या वह्या वेगळ्या ठेवा. घरचं दूध फुकट धरलं की कोणताही पदार्थ फायद्याचा दिसतो.

पनीरचं उदाहरण घेऊ. १०० लिटरचं १५ किलो, म्हणजे किलोला जवळपास ७ लिटर दूध. इंधन, आम्ल, पिशव्या, बर्फ, वीज, गाडी, परत आलेला माल आणि तुमची मजुरी मिळून आणखी साडेतीन लिटरच्या किमतीएवढा खर्च धरू. छोट्या प्रमाणावर करताना तो सहज होतो. झाले साडेदहा लिटर. दुकानातून विकणार असाल आणि दुकानदार विक्रीच्या किमतीचा चौथा हिस्सा घेणार असेल, तर गिऱ्हाइकाने मोजायची किंमत येते १४ लिटर. आता तुमच्या बाजारात जा आणि किलोभर पनीरच्या भावात केंद्राच्या दराने किती लिटर दूध येतं ते मोजा. चौदाच्या वर येत असेल तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. दहा-अकरा येत असेल तर दुकानात ठेवायचा विचार सोडा. तिथे मोठ्या कारखान्याचा माल तुमच्या शेजारी असेल, त्याचा खर्च कितीतरी कमी आहे, आणि तुम्ही सगळ्या २०० लिटरचं पनीर केलंत तरी ही दरी भरून निघणार नाही. मग थेट घरी पोचवणं किंवा नेहमीचे खानावळवाले धरणं एवढेच मार्ग उरतात.

तुपाचा हिशेब तर उरलेल्यावरच फिरतो. १०० लिटरला ४ किलो धरलं तर किलोला २५ लिटर दूध. साय काढलेलं ९० लिटर दूध फेकून दिलंत तर तुपाला हे सगळे पंचवीस लिटर एकट्याने सोसावे लागतात. त्या दुधाला निम्मा भाव मिळाला तर ४५ लिटर वसूल होतात, उरलेले ५५ चार किलोंवर वाटले तर किलोला चौदाच्या आत येतं. तूप तेच, कष्ट तेच. फरक पडला तो ९० लिटरना गिऱ्हाईक मिळालं की नाही याने. त्यामुळे कुणी मला "आम्ही तुपाचा ब्रँड काढतोय" म्हणाला की माझा पहिला प्रश्न साय काढलेल्या दुधाबद्दल असतो. उत्तर पटकन आलं तर मला बरं वाटतं.

यानंतर दुधाची प्रत. यावर सगळ्यात कमी बोललं जातं, आणि तुमच्या भावाचं काम इथे तुमच्या कामापेक्षा मोठं आहे. वाईट दुधाचा चांगला पदार्थ होत नाही हे सगळे म्हणतात, पण का होत नाही ते कळलं की गोठ्यातल्या सवयी बदलतात. तीन कारणं सांगते.

पहिलं कासदाह, आपण दगडी म्हणतो तो. उघड दिसणारी दगडी आपण ओळखतो, तिचं दूध बाजूला काढतो. खरा तोटा छुप्या दगडीचा. गाय निरोगी दिसते, दूधही पांढरंशुभ्र, पण त्यात पेशी वाढलेल्या असतात आणि केसीन कमी झालेलं असतं. केंद्रावर फॅट ठीक लागतं म्हणून तिथे काही कळत नाही. तुमच्या खोलीत मात्र पनीरचा उतारा घटतो, चीज मऊ पडतं, आणि तुम्ही दोष आम्लाला देत बसता. महिन्यातून एकदा प्रत्येक सडाची पॅडल टेस्ट करा, म्हणजे चार खणांच्या ताटलीत थोडं थोडं दूध घेऊन त्यात द्रावण मिसळून छुपी दगडी बघायची. एका गाईला पाच मिनिटंही लागत नाहीत.

दुसरं प्रतिजैविकं. आमच्याकडे एकदा ६० लिटरचं दही लागलंच नाही. रात्री विरजण लावलं, सकाळी भांड्यात दूधच. मी विरजण बदललं, तापमान तपासलं, दोन दिवस डोकं धरून बसले. मग कळलं की औषध सुरू असलेल्या एका गाईचं दूध नव्या मदतनिसाने चुकून त्याच कॅनमध्ये ओतलं होतं. दही लावणारा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा जिवाणू पेनिसिलिनला फार नाजूक असतो, थोड्या अंशानेही मरतो. औषध चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला त्या दिवसापासून आम्ही लाल पट्टा बांधतो, तिची धार शेवटी आणि वेगळ्या बादलीत काढतो, आणि औषधाचा वर्ज्य काळ संपेपर्यंत पट्टा सोडत नाही. ६० लिटरचं नुकसान झालं ते झालं, पण न लागलेल्या दह्याने मला सावध केलं. पनीर केलं असतं तर ते व्यवस्थित झालं असतं आणि ते अंश लोकांच्या पोटात गेले असते. हा विचार अजूनही माझी झोप उडवतो.

तिसरं, थंड करायला लागणारा वेळ. दूध धारेनंतर दोन तासांच्या आत ४ अंशांवर यायला हवं, किंवा लगेच प्रक्रियेला जायला हवं. "नंतर उकळणारच आहोत की" हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलंय. पाश्चरीकरणाने, म्हणजे ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवून, रोगजंतू मरतात. पण कोमट दुधात स्टॅफिलोकॉकस वाढून त्याने विष सोडलं असेल तर ते विष उकळूनही जात नाही. जंतू मेले तरी माणूस आजारी पडतो. आणि थंड ठेवलं म्हणजे सुटलो असंही नाही, लिस्टेरिया नावाचा रोगजंतू फ्रीजच्या तापमानातही हळूहळू वाढतो. तो येतो ओल्या फरशीतून, मोरीतून, गोठ्यातल्या बुटांतून. म्हणून गोठ्यातले बूट आणि कपडे घालून प्रक्रियेच्या खोलीत कुणीही यायचं नाही. भाऊसुद्धा नाही, वडीलसुद्धा नाहीत. घरच्या माणसांना हे सांगणं कठीण जातं हे मला माहीत आहे. तरी पहिल्या दिवसापासून सांगा.

यंत्रांबद्दल तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर इथेच देते. कर्जातला पहिला पैसा थंड करण्यावर खर्च करा. त्यानंतर दुहेरी भिंतीचं स्टीलचं भांडं, दोन चांगले तापमापक आणि आंबटपणा मोजणारं एक पीएच मीटर. तापमापक दर आठवड्याला बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते बघायचं. चकाचक पॅकिंग यंत्र, चीजचं टाकं, होमोजिनायझर हे सगळं वर्षभरानंतर. कर्ज किती, याचं माझं उत्तर असं की खोलीतून एक रुपयाही आला नाही तरी केंद्राच्या दुधावर जेवढा हप्ता फिटेल तेवढंच. पहिल्या वर्षी खोलीकडून हप्त्याची अपेक्षा ठेवू नका.

आता चीज. मला स्वतःला चीज करणं सगळ्यात जास्त आवडतं, म्हणूनच सांभाळून सांगते. मुरवलेलं चीज म्हणजे तुमच्या दुधाचे पैसे फळीवर ठेवणं. सहा महिने मुरवायचं तर सहा महिन्यांचं दूध अडकलं, आणि चुकलं कुठे हे सहा महिन्यांनी कळणार. शिवाय तुमच्याकडे गाईंना मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, घालतात असं तुम्ही लिहिलंय. मुरघासातून क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचे बीजाणू शेणात आणि तिथून दुधात येतात, पाश्चरीकरणाने मरत नाहीत, आणि काही आठवड्यांनी मुरणाऱ्या चीजच्या आत वायू धरून ते फुगतं, तडकतं, वास मारतं. इटलीत पार्मिजानो रेजानो चीजसाठी दूध देणाऱ्या गाईंना मुरघास घालायला बंदीच आहे ती यासाठी. तुमचा मुरघास बंद करा असं मी म्हणत नाही, गाईंचं पोट त्यावर चाललंय. पण तो चालू असताना लांब मुरवायच्या चीजने सुरुवात करू नका. ताजं, आठवड्यात संपणारं चीज पुढे कधीतरी करून बघता येईल.

मग काय करावं? तुमच्या जागी मी असते तर दह्याने सुरुवात केली असती. ग्राहक तासाभराच्या अंतरात असतील तर. लांब असतील तर हे उत्तर बदलतं, कारण दही वाहून नेणं म्हणजे बहुतांशी पाणी वाहून नेणं, आणि सगळ्या वाटेवर ते थंड ठेवावं लागतं. तेव्हा तुपाकडे वळावं लागेल, आणि पुन्हा साय काढलेल्या दुधाचा प्रश्न आधी सोडवावा लागेल. पण ग्राहक जवळ असतील तर दही यासाठी, की मागे काही उरत नाही, भांडं तेच पुरतं, आणि चूक दुसऱ्या दिवशी कळते. शिकायला याहून चांगली सोय नाही.

फक्त घरचं दही आणि विकायचं दही यांत एक फरक आहे. घरी आपण दूध उकळून, कोमट करून, कालचं दही लावतो. कधी घट्ट, कधी पातळ, कुणी तक्रार करत नाही. गिऱ्हाइकाला मंगळवारचं आणि शुक्रवारचं दही सारखं लागतं. त्यासाठी दूध ८५ अंशांवर ३० मिनिटं ठेवा, किंवा ९० ते ९५ अंशांवर ५ मिनिटं. पनीरबद्दल सांगितलं तेच इथे घडतं, निवळीतली प्रथिनं केसीनला जोडली जातात आणि ती पाणी धरून ठेवतात, म्हणून दही घट्ट लागतं आणि वर पाणी सुटत नाही. नुसतं ७२ अंशांचं पाश्चरीकरण केलेल्या दुधाचं दही सैल लागतं ते यामुळेच. नंतर ४२-४३ अंशांवर आणून विरजण लावायचं, पीएच ४.६ च्या आसपास आला की लगेच थंड करायला घ्यायचं. थंड व्हायला उशीर झाला तर वाटेत आंबटपणा वाढत राहतो. विरजण प्रयोगशाळेत तयार केलेलं, पाकिटातलं वापरा. कालचं आज, आजचं उद्या असं महिनाभर चालवलं की त्यातल्या दोन जिवाणूंचं प्रमाण बिघडतं आणि चव कुठल्या कुठे जाते.

चीजसाठी मात्र याच्या उलट. तिथे दूध एवढं तापवलं तर रेनेटने, म्हणजे चीजसाठी दूध गोठवायला घालतात त्या विकराने, ते नीट गोठत नाही, गोळा सैल राहतो. "एकाच तापवलेल्या दुधातून सकाळी चीज, दुपारी दही" ही योजना कागदावरच राहते.

किती दुधाने सुरुवात? २० लिटर, आठवड्यातून तीन दिवस. तुमच्या २०० लिटरमधलं हे एवढंसंच आहे, आणि मुद्दाम तेवढंच. उरलेलं केंद्रावर जाऊ द्या. आठ आठवडे फक्त हेच करा आणि रोज चार गोष्टी लिहा : किती लावलं, किती विकलं, किती परत आलं, आणि तुमचे किती तास गेले. तासांत धुणं-घासणंही धरा. आमच्या खोलीत तीन तास पदार्थ करण्यात जातात तेव्हा दोन तास स्वच्छतेत जातात, आणि बावीस वर्षांत ते कमी झालेले नाहीत. आधी कोमट पाण्याने खळखळून घ्यायचं. कडकडीत पाणी आधी घातलं तर प्रथिनं भांड्याला शिजून चिकटतात. मग गरम पाण्यात कॉस्टिकचा हात, मग साधं पाणी. आठवड्याला एकदा आम्लाने, नाहीतर कठीण पाणी आणि दुधातले क्षार मिळून जो पिवळट थर धरतो त्याच्या आत जंतू मजेत राहतात. हे काम मजुरावर सोडून देऊ नका, निदान पहिलं वर्षभर.

विकण्याबद्दल मी थोडंच सांगते, कारण ते प्रत्येक जण आपापल्या स्वभावाने शिकतो. पहिली तीस घरं स्वतः जाऊन धरा. फुकट चव द्यायची तर एकदाच. आणि दही परत घ्यायची वेळ आली तर हुज्जत न घालता परत घ्या, डबा घरी आणा, उघडा, चाखा, वहीत लिहा. माझ्या सगळ्या सुधारणा परत आलेल्या डब्यांतून झाल्या आहेत.

राहिले वडील. तुम्ही ती ओळ शेवटी लिहिलीत, पण मला वाटतं तुमच्या मनात ती पहिली असावी. मीही माझ्या सासऱ्यांशी याच विषयावर दोन वर्षं भांडले. ते जुन्या विचारांचे म्हणून अडवतायत असं मला तेव्हा वाटायचं. नंतर कळलं की केंद्राची दर दहा दिवसांची पावती म्हणजे त्यांच्या लेखी घराचा कणा होता. पेंडीची उधारी, डॉक्टर, शाळेची फी, सगळं त्या तारखेवर चालायचं. ती पावती मी मोडायला निघाले होते. तुमचे वडील "जाऊ दे" म्हणतात त्यात हीच भीती असणार, आणि ती रास्त आहे. २० लिटरने सुरुवात करा म्हणते त्याचं हेही एक कारण आहे. पावती थोडी बारीक होते, थांबत नाही.

आणि त्या पावत्यांना नुसत्या पैशांचे कागद समजू नका. दुधातलं फॅट झटपट मोजायची सोपी रीत १८९० मध्ये स्टीफन बॅबकॉक यांनी दिली, पाठोपाठ गर्बरची आली, तेव्हापासून दूध नुसत्या मापावर न घेता त्यातल्या ऐवजावर घेता येऊ लागलं. तुमच्या वडिलांकडे त्या ऐवजाची वर्षानुवर्षांची नोंद पडून आहे. कोणत्या महिन्यात फॅट उतरतं, कुठला चारा बदलला की एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, वाढतो, किती गाई एकदम आटतात आणि दूध किती खाली येतं, हे सगळं त्या गठ्ठ्यात आहे. दूध आणि मागणी एकाच वेळी वाढत नाहीत. कोणत्या महिन्यांत तुमच्याकडे दही लावायला दूध कमी पडेल आणि कोणत्या महिन्यांत जास्तीच्या दुधाचं तूप करून ठेवावं लागेल, ते या पावत्या सांगतील. एका संध्याकाळी गेल्या वर्षभराच्या पावत्या वडिलांसोबत बसून तारखेप्रमाणे लावा. त्यांनाच वाचून दाखवायला सांगा.

ते झालं की मला तीन आकडे कळवा : वर्षातलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त रोजचं दूध, त्या दोन्ही वेळचा फॅट आणि एसएनएफ, आणि तुमच्या बाजारात किलोभर दह्याच्या भावात केंद्राच्या दराने किती लिटर दूध येतं. त्यावरून भांडं १०० लिटरचं घ्यायचं की ५० चं, ते सांगता येईल.